शॅकलफर्डचे घोडे बघायचे असतील तर आधी पाणी बघा

प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावात राहणाऱ्या एका ताईंकडे जुलैत पुण्याहून आई-बाबा येणार आहेत. घरात सहा आणि अकरा वर्षांची दोन मुलं. तिथल्या किनाऱ्याजवळ शॅकलफर्ड बँक्स नावाचं निर्मनुष्य बेट आहे आणि तिथे रानटी घोडे आहेत, असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. एका दिवसात जाऊन येता येईल का, घोडे नक्की दिसतील का, आई-बाबांना झेपेल का, आणि मुलांनी घोड्यांसाठी गाजरं न्यायचं ठरवलंय ते चालेल का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: गाजरं अजिबात नाही. कारण पुढे सांगेन. बाकी तिन्हींना माझं उत्तर 'हो, पण' असं आहे आणि त्या 'पण'साठीच एवढं लांबलचक लिहितेय.

मी मूळची गुहागरची. गेली सोळा वर्षं वर्षातून चार-पाच वेळा तरी शॅकलफर्डला जाते, आधी कॅमेरा घेऊन जायचे, आता बहुतेक वेळा दुर्बीण आणि वही. ओळखीच्या कुटुंबांनाही हौसेने घेऊन जाते, पैसे घेऊन नाही. पण माझी पहिली फेरी सपशेल फसली होती, ती सांगते म्हणजे पुढचं कळेल. जुलैचा शेवट, आम्ही सात जण, प्रत्येकी दोन लहान बाटल्या पाणी, पायात चपला. सकाळी साडेअकराला बेटावर उतरलो आणि समुद्राच्या बाजूने चालत सुटलो, कारण फोटोंमध्ये घोडे पुळणीवर असतात. अडीच तास चाललो. घोडे शून्य. वाळू एवढी तापलेली की थांबता येईना, सावली नाही, एक वाजता पाणी संपलं. परतीच्या बोटीवर माझ्या नणंदेला उलट्या सुरू झाल्या. बोटवाल्या काकांनी तिला बर्फाचं पाणी दिलं आणि मला शांतपणे विचारलं, "खाडीच्या बाजूला गेला होतात का?" गेलो नव्हतो. घोडे तिकडेच होते, आम्ही उतरलो तिथून पंधरा मिनिटांवर.

आपल्याला बेट म्हटलं की जंजिरा नाहीतर खांदेरी आठवते, म्हणजे खडक. शॅकलफर्ड निव्वळ वाळू आहे. किनाऱ्याला समांतर पडलेला वाळूचा लांबोडका दांडा, साधारण चौदा किलोमीटर लांब, रुंदीला दीड किलोमीटरच्या आतच. दक्षिणेला अटलांटिक, उत्तरेला उथळ खाडी, तिला तिथे बॅक साउंड म्हणतात. अशा दांड्यांना बॅरियर आयलंड म्हणतात, कारण समुद्राचा मार आधी हे खातात आणि मागचा किनारा वाचतो. वाळू स्वस्थ बसत नाही. 1933 सालच्या चक्रीवादळापर्यंत शॅकलफर्ड पूर्वेकडच्या कोअर बँक्सला जोडलेलं होतं. त्या वादळाने मधूनच पाणी काढलं आणि आज तिथे बार्डन इनलेट नावाचं खाडीमुख आहे. या किनाऱ्यावरची बरीच बॅरियर बेटं उत्तर-दक्षिण असतात, हे पूर्व-पश्चिम आहे. त्यामुळे इथे टेकाडं उंच झाली, टेकाडांच्या आडोशाला ओक आणि सीडरचं रान टिकलं. घोड्यांच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे.

बेट केप लुकआउट नॅशनल सीशोर या पार्क खात्याच्या राखीव किनाऱ्यात येतं. तो 1966 साली कायद्याने ठरला. पूल नाही, रस्ता नाही, गाडी नाही, दुकान नाही, नळ नाही, दिवा नाही. पश्चिम टोकाकडे स्वच्छतागृह आहे, तेवढीच सोय. प्रवेश फी नाही. तंबू टाकून राहायलाही पैसे पडत नाहीत, पण तुमच्या या फेरीत तो विचारही करू नका.

आता लोकांना वाटतं की इथे कधी माणूस नव्हताच. होता. एकोणिसाव्या शतकात पूर्व टोकाला डायमंड सिटी नावाचं गाव होतं, पाचेकशे वस्तीचं. नाव पडलं समोरच्या केप लुकआउट दीपगृहावरून, त्याच्या अंगावर पत्त्यांतल्यासारखे काळे-पांढरे चौकट, म्हणजे डायमंड, आहेत. किनाऱ्यावरून होड्या घालून देवमाशांची शिकार करणारी माणसं. 1899 च्या ऑगस्टमध्ये मोठं चक्रीवादळ आलं, खाडी आणि समुद्र गावात एकमेकांना भेटले. त्यानंतर लोकांनी अक्षरशः घरं उपसली, तुकडे करून होड्यांवर चढवली आणि पलीकडे हार्कर्स आयलंडला, मोअरहेड सिटीला नेऊन पुन्हा उभी केली. मागे राहिलं काय, तर कबरी आणि मोकळं सोडलेलं जनावर. गाई, मेंढ्या, बकऱ्या पुढे बऱ्याच वर्षांनी पार्कने हलवल्या. घोडे राहिले.

घोडे मुळात आले कुठून, यावर बोटीवर तुम्हाला स्पॅनिश गलबत बुडाल्याची गोष्ट हमखास ऐकायला मिळेल. गोष्ट छान आहे, पुरावा नाही. वसाहतीच्या काळात लोक जनावरं बेटांवर चरायला सोडत, कुंपण घालायला नको म्हणून. तो मार्ग मला जास्त पटतो. पण स्पॅनिश रक्ताची गोष्ट हवेतली नाही. जनुकतज्ज्ञ गस कॉथ्रन यांना इथल्या घोड्यांच्या रक्तात क्यू-एसी नावाचा एक दुर्मीळ जनुकीय प्रकार सापडला, तो जुन्या स्पॅनिश वंशाशी जोडला जातो. 2010 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने कलोनियल स्पॅनिश मस्टँग हा राज्याचा घोडा ठरवला. दिसायला हे घोडे खांद्यापाशी चार फुटांच्या आसपास, भीमथडीच्या तट्टासारखे आटोपशीर, आयाळ मात्र भरपूर. पोट सुटलेलं दिसतं आणि प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतं, "अय्या, ही गाभण आहे." बहुतेक वेळा ती गाभण नसते आणि पुष्कळदा 'ती'ही नसते. भरड, खारट गवत खाऊन पोट तसं होतं.

बरं, घोडे नक्की दिसतील का? संख्या सांगते: शंभर-सव्वाशे घोडे, चौदा किलोमीटरच्या बेटावर. ही संख्या आपोआप राहिलेली नाही. 1996 मध्ये घोड्यांमधल्या संसर्गजन्य रक्तक्षयाची तपासणी केली तेव्हा बाधित निघालेले 76 घोडे मारले गेले. लोक फार चिडले. त्या चिडीतून 1998 चा संरक्षण कायदा आला आणि संख्या शंभराच्या खाली जाऊ द्यायची नाही असं ठरलं. 2005 मध्ये तो सुधारला: किमान 110, आणि लक्ष्य 120 ते 130. खाली गेली तर आपसातलं प्रजनन वाढतं, फार वर गेली तर गवत पुरत नाही. म्हणून ठरावीक घोड्यांना लांबून डार्ट मारून गर्भनिरोधक लस देतात आणि कधी काही घोडे बाहेर दत्तकही दिले जातात. बाकी ना चारा, ना पाणी, ना डॉक्टर. पाय मोडला तर मोडला. हे मुलांना जायच्या आधीच सांगून ठेवा. एकदा एका म्हाताऱ्या घोडीच्या बरगड्या दिसत होत्या, आमच्याबरोबरची आठ वर्षांची मुलगी ढसाढसा रडली आणि तिच्या आईकडे उत्तर नव्हतं. वाळूसकट गवत चावून चावून म्हातारपणी दात झिजतात, हे तिला आधी माहीत असतं तर तिने बघितलं असतं, रडली नसती, किंवा कमी रडली असती.

शंभर-सव्वाशे घोडे लहान लहान कळपांत विखुरलेले असतात. एक नर, दोन-चार घोड्या, त्यांची शिंगरं. तरुण नरांना कळपातून हाकलतात, मग ते आपली टोळी करून हिंडतात, कट्ट्यावरच्या पोरांसारखे. प्रिन्स्टन विद्यापीठाचे डॅनियल रुबेनस्टाइन 1970 च्या दशकापासून या बेटावरच्या घोड्यांचं वागणं अभ्यासत आले. त्यांच्या लक्षात आलं की मोकळ्या भागातले काही नर चक्क जागा राखतात, एरवी घोडे जागा राखत नाहीत, आपल्या घोड्या राखतात. म्हणजे कुठला कळप कुठे, याला काही हिशेब असतो. तो हिशेब तुम्हाला एका दिवसात कळणार नाही, पण तीन गोष्टी बघितल्या की दहापैकी आठ वेळा घोडे दिसतात. हा माझ्या वहीतला अंदाज आहे.

पहिली गोष्ट गोडं पाणी. चहूकडे खारं पाणी असताना घोडे पितात काय? पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्यापेक्षा हलकं असल्याने त्याच्यावर थर धरून राहतं. गुहागरला आमच्या वाडीतली विहीर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर होती आणि पाणी गोड. तोच प्रकार. टेकाडांमधल्या सखल जागी हा थर वर येतो, तिथे डबकी असतात, आणि डबकी आटली की घोडे खणतात. मे महिन्यातली एक सकाळ सांगते. मी एका टेकाडाच्या उतारावर बसले होते, खाली ओलसर खळग्यात एक काळपट घोडी आली. आधी तिने नाक जमिनीला लावून दोन-तीनदा फुरफुर केलं. मग पुढचा डावा पाय घेऊन खरवडायला लागली, कुदळ मारावी तशी, अंगाखाली माती ओढत. मधे थांबायची, खळग्यात नाक घालायची, पुन्हा खणायची. पाचेक मिनिटांत खुराच्या खोलीचा खड्डा झाला आणि त्यात चहासारखं तपकिरी पाणी झिरपायला लागलं. तिने पाणी निवळू दिलं. तेवढ्यात नर आला, ती मुकाट्याने बाजूला झाली, आधी तो प्याला. मग ती. शिंगरू तिच्या पोटाखालून मान घालून बघत होतं, त्याची पाळी शेवटी, आणि तोवर खड्ड्यात चिखल उरला होता. शिंगराने चिखल चाटला. मग ती घोडी पुन्हा खणायला लागली.

अशा जागांकडे जाणाऱ्या पायवाटा मळलेल्या दिसतात. वाटेवर लिदीचे ढीग दिसले तर बघा, एकाच जागी मोठा ढीग असेल तर तो नरांचा. येणारा-जाणारा प्रत्येक नर हुंगतो आणि वर आपली भर घालतो. लीद ओली असेल तर घोडे लांब नाहीत. मुलांना हा तपास इतका आवडतो की घोडे दिसेपर्यंत तीच करमणूक होते.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटी. खाडीच्या अंगाला मोठी खाजणं आहेत आणि त्यातलं खारं गवत हे घोड्यांचं मुख्य खाणं. ओहोटीला खाजण उघडं पडतं, घोडे गुडघाभर चिखलात आत आत जातात. भरती चढली की कडेला येतात. इथली भरती-ओहोटी फार नाही, साधारण मीटरभराचा फरक, पण जमीन इतकी सपाट आहे की मीटरभरानेही सगळं चित्र बदलतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जास्तच. बोफर्टचं, म्हणजे बोट सुटते त्या गावाचं, भरतीचं वेळापत्रक बघा आणि ओहोटीच्या आधी दोन तास बेटावर असाल अशी बोट पकडा. सकाळची ओहोटी मिळाली तर सोन्याहून पिवळं. (नाव बोफर्टच म्हणतात. ब्यूफर्ट म्हणालात की लोक तुम्हाला साउथ कॅरोलायनातल्या गावाचा रस्ता दाखवतील.)

तिसरी गोष्ट वारा. जुलैत डास आणि चावऱ्या माश्यांचा मार असतो. वारा पडला की घोडे खाजण सोडून उंच टेकाडांवर, नाहीतर समुद्राच्या काठी येऊन उभे राहतात, कधी पाण्यातसुद्धा. फोटोंमधले लाटांच्या काठचे घोडे बहुतेक वेळा माश्यांना वैतागलेले असतात. वारा चांगला असेल तर खाडीकडे शोधा, पडलेला असेल तर समुद्राकडे. थंडीत आणि वादळात रानाच्या आडोशाला जातात. लोक विचारतात वादळात यांचं काय होतं. शॅकलफर्डला उंच टेकाडं आणि रान आहे म्हणून बरंच निभावतं. पण 2019 च्या सप्टेंबरमध्ये डोरियन वादळात जवळच्याच सीडर आयलंडवरचे 28 घोडे वाहून गेले. पाणी समुद्राकडून नाही, मागच्या खाडीकडून आलं होतं. त्याच लोंढ्यात वाहून गेलेल्या तीन गाई मैलोगणती पोहून कोअर बँक्सवर जिवंत सापडल्या. घोडे गेले आणि गाई वाचल्या, याची सल तिथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून असते.

आता वागायचं कसं. नियम आहे पन्नास फुटांचा, म्हणजे एसटीच्या दीड बसएवढं अंतर. मी त्याच्या दुप्पट ठेवते. पन्नास फूट ही किमान मर्यादा आहे, लोक तिला निशाणी समजून तिथपर्यंत जातात. घोड्याने चरणं थांबवून मान वर केली आणि दोन्ही कान तुमच्याकडे वळवले की तुम्ही जवळ आलात. तो चालायला लागला तर तुम्ही फारच जवळ आलात. आणि घोडा आपणहून तुमच्याकडे आला तर? तुम्ही मागे सरायचं. "तोच आला" हे कारण रेंजरपुढे चालत नाही, आणि चालूही नये.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे नर आणि त्याच्या घोड्या यांच्या मधली. तिथे माणूस नकळत जातो, कारण नर कळपाच्या कडेला एकटाच उभा असतो आणि बाकीचे पन्नास पावलांवर झुडपांमागे असतात. तीन वर्षांपूर्वी एक गृहस्थ फोन समोर धरून असेच मधे गेले. नराने मान एकदम खाली टाकली, जमिनीला घासेल इतकी, कान मागे चपटे, आणि मान डावी-उजवीकडे सापासारखी हलवत निघाला. तो त्यांच्यावर चालून आलाच नव्हता. तो घोड्यांना हाकायला निघाला होता आणि हे वाटेत होते. मी ओरडले, "बाजूला या, पळू नका." ते बाजूला आले, पण चप्पल वाळूत रुतली आणि आडवे पडले. घोडा त्यांच्यापासून दोन हातांवरून गेला. त्याने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गृहस्थ उठले ते पांढरेफटक. संध्याकाळपर्यंत फोन खिशातच होता.

आणि गाजरं. या घोड्यांचं पोट आयुष्यभर भरड गवतावर चालतं. गोड, रसरशीत काही गेलं की पोटशूळ उठतो, आणि घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ म्हणजे खेळ नव्हे. सवय नसल्याने नीट चावतही नाहीत. उत्तरेला कोरोलाच्या किनाऱ्यावर 2020 मध्ये सफरचंद घशात अडकून एक तरुण घोडा मेला. शिवाय एकदा खायला मिळालं की घोडा माणसांकडे यायला लागतो, मग चावतो, लाथ मारतो, आणि मग त्याला बेटावरून उचलावं लागतं. म्हणजे गाजराने घोड्याचं बेटच सुटतं. अकरा वर्षांच्या लेकाला हे कळेल. सहा वर्षांच्या धाकट्याला घोड्यांचं चित्र काढायची वही द्या.

आता जायचं कसं. केरीहून बोफर्ट अडीच-तीन तास, वाटेत थांबलात तर सव्वातीन धरा. बेटावर माणसं नेणाऱ्या बोटी बोफर्टहून आणि हार्कर्स आयलंडहून सुटतात. बोफर्टहून पश्चिम टोक वीसेक मिनिटांत येतं. जुलैत जागा आधी राखून ठेवा आणि सकाळची पहिली बोट घ्या, त्यासाठी पहाटे पाचला निघावं लागलं तरी. नाहीतर आदल्या रात्री मोअरहेड सिटीत मुक्काम करा, आई-बाबा असताना मी तेच करेन. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ मनगटावर पेनाने लिहा. मी थट्टा करत नाहीये. बेटावर मोबाइलची रेंज येते-जाते, बॅटरी उन्हाने लवकर उतरते, आणि शेवटची बोट चुकली तर जाग्यावर काही सोय नाही. दुपारी विजांचा पाऊस येतो. काळं दिसायला लागलं की आधीची बोट मिळते का बघा, टेकाडावर थांबू नका.

बोट अनेकदा सरळ वाळूला नाक लावते, घोटाभर पाण्यात उतरावं लागतं. म्हणून भिजले तरी चालतील असे बंद बूट, मागे पट्टा असलेले. चपला नकोत, वाळूत एक गवत असतं त्याचे काटेरी गोळे तळव्यात घुसतात आणि काढताना बोटात. निवडुंगही आहे. रानाच्या कडेला गोचिडी, त्यामुळे मुलांना लांब पायांच्या पँट आणि घरी आल्यावर कानामागे, काखेत तपासणी. पाणी माणशी चार लिटर घ्या. जास्त वाटतं ना? मलाही वाटायचं. टोपी, मोठी छत्री, मिठाचे पदार्थ. मी दशमी-चटणी आणि खारे शेंगदाणे नेते, साखरेचं काही नेत नाही, मुंग्या आणि घोडे दोघांनाही वास लागतो. बसून खाताना घोडे दिसले तर डबा बंद करून पिशवीत. कचरा सगळा परत आणायचा, सालंसुद्धा. समुद्रात पोहायला सुरक्षारक्षक नाहीत आणि ओढ आहे. गुडघ्यापलीकडे मुलांना जाऊ देऊ नका.

आई-बाबांचं सांगते, मनाला लावून घेऊ नका. जुलैत, पासष्ट-सत्तरीच्या माणसाने, मऊ वाळूत दोन तास चालायचं, हे मी माझ्या आईला करू दिलं नाही. ती गुहागरची, वाळूत वाढलेली, तरीही. तारीख हलवता येत असेल तर ऑक्टोबर बघा. माश्या कमी, ऊन सोसवणारं, फक्त वादळांचा हंगाम नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो म्हणून हवामानावर लक्ष ठेवायचं. एप्रिल-मे त्याहून छान, तेव्हा शिंगरं नवी असतात. जुलैच असेल तर आई-बाबांसाठी दुसरा बेत आहे आणि तो काही कमी प्रतीचा नाही. बोफर्टच्या फ्रंट स्ट्रीटवर पाण्याकाठी बाकं आहेत. समोर अरुंद खाडीपलीकडे रेचल कार्सन राखीव क्षेत्राची बेटं आहेत आणि त्यांवरही घोडे आहेत. ते शॅकलफर्डच्या घोड्यांसारखे जुन्या काळापासूनचे नाहीत, 1940 च्या दशकात एका स्थानिकाने तिथे नेलेल्या घोड्यांची ती पुढची पिढी. दुर्बिणीतून काठावर चरताना बरेचदा दिसतात. माझ्या आईने तिथे आइस्क्रीम खात बाकावर बसून पाच घोडे बघितले, आणि त्या दिवशी आम्ही बेटावर चार किलोमीटर तुडवून तीन बघितले. ती अजून ऐकवते.

तुम्ही, तुमचे यजमान आणि मुलं पहिल्या बोटीने जा, आई-बाबा आणि घरातलं आणखी एखादं माणूस बोफर्टला थांबा, दुपारच्या बोटीने परत येऊन सगळे एकत्र जेवा. बेटावर उतरल्यावर समुद्राकडे धावू नका. आधी एखाद्या टेकाडाच्या पायथ्याशी उभं राहून खाडीकडे दुर्बीण फिरवा, दहा मिनिटं, सावकाश. (टेकाडांवरच्या गवतात चढू नका, त्या गवताच्या मुळांनीच टेकाड धरून ठेवलंय.) लांब खाजणात तपकिरी ठिपका हलला की तोच. मग वारा अंगावर येईल अशा बाजूने, बोलणं बंद करून जा, आणि शंभर पावलांवर बसा. चालणाऱ्या माणसापेक्षा बसलेल्या माणसाला घोडे लवकर विसरतात. अर्धा तास बसलात तर ते चरता चरता एकमेकांची मान खाजवतील, शिंगरू सपाट आडवं पडून झोपेल आणि तुम्हाला क्षणभर वाटेल की मेलं की काय. मेलेलं नसतं.

पुलावरून गाडीने जायचं असेल तर मेरीलँडचं ॲसाटीग आहे, सोपं आहे, पण तिथले घोडे गाड्यांना सरावलेत आणि तंबूंतून पाव पळवतात. मला त्यात मजा वाटत नाही, मुलांना मात्र वाटेल. जॉर्जियातल्या कंबरलँड बेटालाही बोटीनेच जावं लागतं, तिथली झाडी अप्रतिम आहे, पण तुमच्याकडून एका दिवसात होणार नाही. आणि बाबांना भारतात परतल्यावर असं काही बघावंसं वाटलंच तर आसामात तिनसुकियाजवळ डिब्रू-सैखोवाच्या नदीतल्या बेटांवर मोकाट घोडे आहेत, दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी घोड्यांचे वंशज म्हणतात त्यांना. मी तिथे गेलेली नाही, जायचंय.

तारीख ठरली की मला कळवा. त्या दिवसाची ओहोटी किती वाजता आहे ते बघून कुठली बोट घ्यायची ते सांगते, आणि पट्ट्याचे बूट धाकट्याच्या मापाचे माझ्याकडे पडून आहेत, ते घेऊन जा.